खोडलेली ओळ

विठ्ठलराव जिवंतपणीच धड्यात गेले होते आणि हीच त्यांची पंचाईत होती. चौथीच्या पुस्तकात शेरवानी घातलेला, भरघोस मिशांचा त्यांचा फोटो होता आणि खाली छापलं होतं, ‘कोयता कराराचे शिल्पकार’. अंबाजोगाईत त्यांच्या दारावरून शाळेत जाणारी पोरं ओसरीवर बसलेला वाळका म्हातारा बघायची आणि हा तोच की त्याचा भाऊ, यावर भांडायची. धड्यातली माणसं मेलेली असतात, एवढं पोरांना पक्कं ठाऊक होतं.

पुढं जाण्याआधी एक सांगून टाकलेलं बरं. तुमच्या पुस्तकांत काही वेगळं लिहिलं असेल तर ते तसंच असू द्या. या गोष्टीत अठ्ठेचाळीस सालच्या सप्टेंबरात फौजा आल्याच नाहीत. दिल्ली आणि हैदराबाद यांच्यात तह झाला. निजाम हळूहळू भिंतीवरच्या तसबिरीपुरता उरला, कारभार निवडून आलेल्या माणसांच्या हाती गेला, पण हैदराबाद वेगळं ते वेगळंच राहिलं, आणि बीड जिल्हा त्यातच. सीना नदीच्या या काठाला आपण, त्या काठाला महाराष्ट्र. मधे पूल आणि पुलावर नाका. ऊस आणि कारखाने त्या काठाला, तोडणारे हात या काठाला.

कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. बीडकडं कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते; दोघं मिळून एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. बहात्तरच्या दुष्काळात लोक लोंढ्यानं सीना ओलांडून गेले तेव्हा परवाना माणसागणिक मिळायचा, आणि मुकादमांनी त्यात आपली सोय पाहिली. हंगाम संपला की नवऱ्याला परत धाडायचं आणि बायकोला पुढच्या हंगामाची हमी म्हणून तिकडंच ठेवून घ्यायचं. कित्येक बायका परतल्याच नाहीत. विठ्ठलराव तेव्हा ऐन उमेदीतले मंत्री होते. त्यांनी दोन्ही सरकारांच्या नाकी नऊ आणून करार करवला आणि त्यात स्वतःच्या हातानं कलम घातलं: कोयता एकत्र जाईल, एकत्र येईल, दोघांपैकी एकट्याला नाका ओलांडता येणार नाही. पुढच्या पाडव्याला बायका नवऱ्यांच्या बरोबरीनं पूल ओलांडून घरी आल्या. लोकांनी विठ्ठलरावांना खांद्यावर घेऊन नाचवलं. त्या नाचण्यात खोटं काही नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

संक्रांत तोंडावर आली होती. सकाळी नेकनूरकडच्या सरस्वतीबाई ओसरीच्या पायरीशी येऊन बसल्या. साठी ओलांडलेली काटक बाई, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. हल्ली विठ्ठलरावांकडं कुणी आलंच, तर ते शाळेच्या कार्यक्रमाला बोलवायला यायचं. त्यांना वाटलं, हीही कुठल्या तरी शाळेची सेविका असेल.

“साहेब, माजा अभिमन्यू गेला,” बाई म्हणाल्या. “परवा ट्रॉली भरताना मोळीवरून पाय सरकला. खाली पडला तो उठलाच न्हाई.”

विठ्ठलराव काही बोलणार, तर बाईंनी त्यांना हातानंच थांबवलं. रडून झालेलं होतं. आता काम होतं.

“त्याला आज आनतेत. मयताला परवाना लागत न्हाई म्हनं, डाक्टरचा दाखला पुरतो. पर सुनंला सोडत न्हाईत. वर्षाराणी कालपासून पुलावर उभी हाय. म्हनतेत, कोयता तुटला, अर्धा कोयता पाडव्यापतोर येत न्हाई. पाडव्याला फाटक खुलं टाकतेत तवाच. तिची लेक माज्याकडं हाय, आत्ता कुटं बोलाय लागली. तिला शेजारच्या मंगलकडं ठिवून आले.” मग त्या थांबल्या आणि फार आर्जवानं म्हणाल्या, “तुमी एक फोन लावा. कलम तुमचंच हाय ना साहेब?”

विठ्ठलरावांनी फोन लावला. एक कशाला, बरेच लावले. एके काळी त्यांच्या बैठकीत सतरंजी अंथरणारा कार्यकर्ता आता हैदराबादेत मंत्री होता. तो म्हणाला, “साहेब, आपण नुसता हुक्म करायचा,” आणि हुक्म ऐकून घेतल्यावर म्हणाला, “बघतो.” त्याच्या सचिवानं निदान खरं तरी सांगितलं. नाक्यावर आता माणूस सोडत नाही, यंत्र सोडतं. कोयता जाताना दोघांचे अंगठे घेतात, येताना तेच दोन अंगठे लागले तरच फाटक उघडतं. कलम बदलायचं तर दोन्ही सरकारांनी पुन्हा बसायचं, आणि पलीकडचे म्हणतात, एक कलम काढणार असाल तर सगळाच करार काढा. म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. “आपलीच ठेव आहे साहेब, जपून ठेवली आहे,” सचिव म्हणाला. त्याला वाटलं, म्हातारा खूश होईल.

वच्छलाबाई, म्हणजे विठ्ठलरावांच्या पत्नी, दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्या आत गेल्या, शेरवानी घेऊन आल्या आणि नवऱ्याच्या मांडीवर टाकली.

“जावा तिच्यासंगं. फोनवर धडा बोलतोय का मानूस, कुनाला काय कळतंय? तिथं जाऊन उभं ऱ्हावा.”

“उभं राहून काय होणार?”

“त्ये मला काय ठावं. निदान उभं तर ऱ्हावा.”

ड्रायव्हर धर्मराजनं गाडी काढली. सरस्वतीबाई मागं बसल्या, दाराला चिकटून, जणू आपण फार जागा घेऊ नये. वाटेत ज्वारी हुरड्यावर आली होती. विठ्ठलराव बाहेर बघत होते, पण त्यांना दिसत होता घाटनांदूरचा बाजारतळ.

करारावर सह्या व्हायच्या आधी त्यांनी त्या बाजारतळावर सभा घेतली होती आणि मसुदा लोकांना मोठ्यानं वाचून दाखवला होता. असं करणारा पुढारी तेव्हाही विरळाच. वाचता वाचता ते एका ओळीवर आले: ‘दोघांपैकी एक मयत झाल्यास दुसऱ्यास एकट्याने परत येता येईल.’ ही ओळ पलीकडच्या एका वकिलानं सुचवली होती. ती ऐकताच बायकांच्या घोळक्यातून एक बाई ताडकन उठली. म्हणाली, “साहेब, पोरी कामाला निघाल्यात. निघतानाच त्यांच्या वटीत रांडपन घालता व्हय? चांगल्या कागदात अभद्र लिवू नगा.” सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. पुरुषांनीही डोलावल्या. विठ्ठलरावांनाही ते पटलं. त्यांच्या घरात तरी वेगळं काय होतं? लग्नपत्रिकेच्या कागदावर मरणाचं नाव कुणी काढत नाही. त्यांनी खिशातून पेन काढला आणि सगळ्यांदेखत ती ओळ खोडली. टाळ्या इतक्या वाजल्या की बाजारातली जनावरं बुजली.

आणि पुढं कित्येक वर्षं त्या खोडण्यानं काही बिघडलं नाही, हेही खरं. नाक्यावर आपलीच माणसं असायची. तिकडं नवरा गेलेली बाई आली की शिपाई पाठ फिरवून विडी ओढायचा आणि बाई चालत घरी यायची. पाठ फिरवणाऱ्या माणसांवर करार तगला होता. यंत्राला पाठच नव्हती.

“सरस्वतीबाई,” विठ्ठलराव मागं न बघता म्हणाले, “त्या करारात एक ओळ होती. मी खोडली. घाटनांदूरच्या सभेत.”

“ठावं हाय,” सरस्वतीबाई म्हणाल्या.

“तुम्हाला कसं?”

“मी व्हते की तितं. परकर नेसत व्हते तवा. जी बाई उठली ना साहेब, चंद्रभागाबाई, ती माजी माय.”

धर्मराजनं आरशातून एकदा मागं पाहिलं. मग त्यानं गाडी सीनेच्या रस्त्याला घातली.

नाक्याचे अंमलदार उत्तरेश्वर, तिशीतला उमदा गडी, धावतच पुढं आले आणि विठ्ठलरावांच्या पाया पडले. चौथीत त्यांनी तो धडा पाठ केला होता. त्यावर बक्षीसही मिळालं होतं, तेही सांगून टाकलं. खुर्ची आणली, चहा सांगितला. सगळं केलं. फक्त फाटक त्यांच्या हातात नव्हतं.

“साहेब, माजा जीव तुटायलाय,” ते म्हणाले. “पर मी दाबून न्हाई उघडत ते. कालधरनं लई हिकमती केल्या. वर कळवलं, वरून तुमचंच कलम वाचून दाखवायलेत.”

पुलाच्या मधोमध पांढरा पट्टा होता, त्यावर लोखंडी फाटक आणि फाटकाच्या खांबावर यंत्र. पलीकडं मयताची गाडी येऊन थांबली होती. तिच्या शेजारी एक पोरसवदा बाई उभी होती, पदराचा बोळा तोंडाशी धरून. सरस्वतीबाईंनी तिला लांबूनच ओळखलं आणि त्या तरातरा निघाल्या, पण अलीकडच्या अडसराशी शिपायानं त्यांना अडवलं. परवाना नसलेल्या माणसाला पट्ट्यापर्यंत जाता येत नव्हतं. विठ्ठलरावांना जाता येत होतं. माजी मंत्र्यांना तेवढी सवलत होती.

पट्ट्याजवळ उत्तरेश्वरांनी इकडंतिकडं पाहिलं आणि हळू आवाजात एक गोष्ट काढली. बोलताना त्यांचे कान लाल झाले होते.

“साहेब, यंत्राला दोन अंगठे लागतेत. दोन अंगठे हायत की इथं.”

विठ्ठलरावांना कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी नको म्हणायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. त्यांनी मान हलवली. गाडीवाल्यानं मयताची गाडी उलटी फाटकाला लावून मागचं दार उघडलं, उत्तरेश्वरांनी फाटकाच्या गजांमधून हात घालून यंत्र वायरीसकट पलीकडं सरकवलं. वर्षाराणीनं काहीही न विचारता आपला अंगठा त्यावर ठेवला. हिरवा दिवा लागला. गाडीवाल्यानं चादरीतून अभिमन्यूचा हात बाहेर काढला, पण त्याला काही तो अंगठा नीट धरवेना. तेव्हा विठ्ठलरावांनी गजांमधून हात घातला आणि तो हात आपल्या हातात घेतला.

हात थंड होता आणि घट्टे पडलेला होता. घट्ट्यांमुळं अंगठ्यावरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. विठ्ठलरावांनी अंगठा टेकवला. लाल दिवा. त्यांनी तो आपल्या शेरवानीच्या टोकानं पुसला, तोंडाची वाफ दिली आणि पुन्हा टेकवला. लाल दिवा. वर्षाराणी दुसऱ्या बाजूनं यंत्राकडं एकटक बघत होती. आपला अंगठा तिनं काढलाच नव्हता, तसाच दाबून धरला होता, अजून जोर लावला तर दोघांचं भागेल म्हणून.

“जित्या मानसाचाच लागतोय वाटतं,” शेवटी उत्तरेश्वर म्हणाले आणि त्यांनी यंत्र परत ओढून घेतलं.

विठ्ठलरावांनी हात सोडला. इतक्या वर्षांत त्यांनी किती हात हातात घेतले असतील, पण हातात घेऊनही ज्याचं काम झालं नाही असा हात त्यांना आठवेना. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही आपण इथं काहीच नाही याचं भय वाटलं.

पलीकडून मुकादम बबनराव पुढं आला. पोट सुटलेला, बोलायला गोड माणूस. त्यानं विठ्ठलरावांना वाकून नमस्कार घातला.

“साहेब, तुमी काळजी करू नका. पाडवा काई लांब न्हाई. फडावर अर्ध्याला काम न्हाई देता येत, म्हून मी जोड लावून देतो. परमेश्वर हाय एक, त्याचं बी एकट्याचंच हाय. तो तोडील, ही बांधील. ऱ्हायच्या खोपीचं बी बघू.”

मागं, पूल संपतो तिथल्या झाडाला टेकून एक माणूस उभा होता. तो परमेश्वर. तो काही वाईट दिसत नव्हता. मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. पण ‘खोपीचं बी बघू’ हे शब्द ऐकून वर्षाराणीनं पहिल्यांदाच वर पाहिलं, आणि विठ्ठलरावांनी नजर चुकवली.

मयताची गाडी फाटकातून अलीकडं आली. डॉक्टरचा दाखला दाखवल्यावर यंत्रानं फाटक तिच्यापुरतं उघडलं आणि मिटवलं.

सरस्वतीबाईंनी लेकाला गावी न्यायचं नाही असं ठरवलं. गावाकडून आलेले भाऊबंद म्हणाले, आपल्या मळ्यात जागा आहे, इथं परमुलखाच्या तोंडाशी कशाला जाळायचं? बाई म्हणाल्या, “तिला दिसाय पायजे.” एवढंच. मग भाऊबंदच लाकडं आणायला गेले. पुलाखालच्या वाळूत, अलीकडच्या काठाला, पट्ट्यावरून सरळ खाली दिसेल अशा जागी लाकडं रचली. चुलत भावानं अग्नी दिला. वरती पुलावर, गजांना धरून, वर्षाराणी उभी होती. तिचा आवाज खाली आला तो एकदाच, तोही शब्द नव्हता. नंतर धुरानं पूल दिसेनासा झाला.

धूर जरा विरल्यावर सरस्वतीबाई विठ्ठलरावांपाशी आल्या. चितेच्या झळांनी त्यांचा चेहरा लाल झाला होता.

“साहेब, तुमाला पट्ट्यापतोर सोडतेत. एक निरोप सांगाल का तिला?”

“सांगा.”

“तिला म्हनावं, बांगड्या फोडू नगं. कुक्कू पुसू नगं. डोरलं काढू नगं. मी सांगितलंय म्हनावं. कुनी इचारलं तर म्हन, मालक गावाला गेलाय, दोन दिसांत येतोय. पाडव्यापतोर तसंच ऱ्हा. तिकडं एकली बाई म्हून दिसू नगं.” त्यांनी मागं वळून चितेकडं पाहिलं. “माज्याच लेकासाठी तिला रडू देईना मी. पर काय करू साहेब?”

विठ्ठलराव निघाले. उत्तरेश्वरांनी हात धरायला पाहिलं, त्यांनी धरू दिला नाही. चालताना त्यांनी निरोप मनात घोळवला. हयातभर त्यांनी भाषणं केली होती, पण एवढी चार वाक्यं त्यांना नीट लावता येईनात. निदान हे एक काम तरी आपल्या हातून होईल, असं ते स्वतःला सांगत होते. पोरीच्या अंगावर जे आहे ते राहील. पाडवा येईल. ती चालत घरी येईल.

वर्षाराणी फाटकाशी खाली बसली होती. तिच्याभोवती पुलाच्या सिमेंटवर हिरव्या काचा पसरल्या होत्या. धुरात तिनं दोन्ही मनगटं गजावर आपटली होती. एका मनगटातून रक्त आलं होतं. कपाळ पुसून पुसून लाल झालं होतं. मंगळसूत्र तोडून तिनं मुठीत धरलं होतं. तिथं दुसरी बाई नव्हती, म्हणून सगळं तिनं एकटीनंच, जसं जमेल तसं केलं होतं. मागं बबनराव आणि त्याची माणसं ट्रॅक्टरजवळ उभी होती आणि बघत होती.

विठ्ठलराव गजाला धरून उभे राहिले. निरोप तोंडात होता आणि तो आता कुणाच्या कामाचा नव्हता.

“साहेब,” वर्षाराणीच बोलली, “माजी पोरगी जेवती का?”

“जेवते.”

“तिला म्हनावं,” ती म्हणाली, आणि काय म्हणावं ते तिला सुचलं नाही. तिनं मूठ गजांमधून पुढं केली. विठ्ठलरावांनी ओंजळ धरली. तिनं काळे मणी आणि डोरलं त्यांच्या हातावर ठेवलं. “सासूबायला द्या.”

ट्रॅक्टर सुरू झाला. बबनरावानं हाक मारली, “चल गं, उशीर व्हायलाय.” ती उठली, पदर झटकला, काचा टोचू नयेत म्हणून पाय उचलून टाकत गेली. ट्रॉलीत चढताना परमेश्वरनं हात पुढं केला. तिनं तो घेतला नाही आणि स्वतःच चढली. ट्रॅक्टर वळला, उसाच्या रस्त्याला लागला आणि दिसेनासा झाला.

विठ्ठलराव कितीतरी वेळ तिथंच उभे होते. मग त्यांनी मूठ शेरवानीच्या खिशात घातली आणि ते पूल उतरून आले.

सरस्वतीबाई अडसराशी वाट बघत होत्या. त्यांच्यामागं वाळूत निखारे उरले होते.

“सांगितलं का साहेब?”

“सांगितलं.”

“आइकलं तिनं?”

विठ्ठलरावांनी त्यांच्याकडं पाहिलं. त्या बाईनं आज लेक जाळला होता आणि आता तिला उभं राहायला एवढीच एक गोष्ट उरली होती.

“ऐकलं,” ते म्हणाले.

“बांगड्या हायत ना हातात?”

“आहेत. सगळ्या आहेत.”

सरस्वतीबाई खाली वाकल्या आणि त्यांनी विठ्ठलरावांच्या पायांना हात लावला.

“तुमचा शब्द हाय म्हंजी बरं हाय,” त्या म्हणाल्या. “पाडव्याला मी इथंच येऊन थांबते.”

धर्मराजनं गाडीचं दार उघडून धरलं. विठ्ठलराव आत बसले. अंबाजोगाई येईपर्यंत त्यांनी खिशातला हात बाहेर काढला नाही.